एकीची वर्गणी एकानेच का भरायची? : ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, एएफएल आयोग, डॉकलंड्स, मेलबर्न
तसेच अठराही क्लबांची संचालक मंडळे

स. न. वि. वि.

हेच पत्र इंग्रजीत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. मराठीत लिहून चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण मेलबर्नच्या पश्चिमेला, टारनिट, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात आता इतकी मराठी घरं आहेत की शनिवारी सकाळी ऑसकिकच्या (लहान मुलांच्या फुटबॉल वर्गाच्या) मैदानावर "अरे, बॉल सोडू नकोस!" असं ओरडणारा एखादा बाबा हमखास भेटतो. नव्याने आलेल्यांना फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, गोडी लावायच्या आपल्या योजना आमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेल्या असतात. आम्ही आलो. सभासदत्व घेतलं, पोरांना शेरिनचा लंबगोल चेंडू घेऊन दिला, दिवाळीच्या फराळासोबत ग्रँड फायनलच्या गप्पा मारू लागलो. आता घरातलेच झालो आहोत, तेव्हा घरातलं बोलणं आलंच.

मी वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबची सभासद आहे. माझा मुलगा ज्युनिअर क्लबात खेळतो आणि मी त्याच्या संघाच्या पाण्याच्या बाटल्या, संत्र्याच्या फोडी आणि विसरलेले माउथगार्ड सांभाळते. मी आदिवासी नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासी लोकांच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, आणि त्यांना माझ्या वकिलीची गरजही नाही. ते गेली कित्येक दशकं स्वतः, स्पष्ट आणि आपल्यापेक्षा जास्त सभ्यपणे बोलत आले आहेत. मी बोलते आहे ती उरलेल्यांच्या वतीने. कारण माझी तक्रार उरलेल्यांबद्दलच आहे.

दर वर्षी मे महिन्यात सर डग निकोल्स या आदिवासी खेळाडूंच्या नावाने सामन्यांची फेरी येते. जर्सीवर आदिवासी चित्रकारांची नक्षी, सामन्याआधी ओल्या पानांचा धूर, एमसीजीवर एसेंडन विरुद्ध रिचमंडचा 'ड्रीमटाइम' सामना. फार देखणं असतं, मीही जाते. आणि त्याच हंगामात कुठल्या ना कुठल्या आदिवासी खेळाडूच्या फोनवर घाण मजकूर येतो, कुठल्या ना कुठल्या स्टँडमधून काहीतरी ओरडलं जातं, दुसऱ्या दिवशी क्लबचं पत्रक निघतं, आपलं पत्रक निघतं, आणि पुढच्या शुक्रवारी खेळ सुरू. ज्या लीगमध्ये दहातला एक खेळाडू आदिवासी आहे असं आपण अभिमानाने सांगायचात, जिथे 2020 च्या सुमारास त्यांची संख्या ऐंशीच्या वर गेली होती, तिथे ती त्यानंतर घसरत गेली आहे. पोरांमधली गुणवत्ता चार-पाच वर्षांत आटत नाही. मग घोडं पेंड कुठे खातंय?

माझ्या मते ते खातंय 'एकोप्या'पाशी. टीम एक असली पाहिजे, टीमपेक्षा कोणी मोठा नाही, आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे या खेळाचं ब्रीद आहे आणि ते मला आवडतं. तक्रार एवढीच की या एकोप्याची वर्गणी कायम एकाच्याच खिशातून जाते. ज्याला लागलं त्याने गिळायचं, ज्याने मारलं त्याने शिकायचं, आणि बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

ज्यांच्या नावाने आपण फेरी भरवता त्यांचंच उदाहरण घेऊ. डग निकोल्स कमरागंजाच्या वस्तीतून आले. 1927 मध्ये कार्लटनकडे खेळायला गेले तेव्हा क्लबच्या मालिशवाल्यांनी त्यांच्या अंगाला हात लावायला नकार दिला. पुढे नॉर्थकोटकडून नाव काढून 1932 मध्ये ते फिट्झरॉयला आले. तिथेही सुरुवातीला ड्रेसिंग रूममध्ये ते बाजूला एकटेच बसत. मग हेडन बंटन, म्हणजे पहिल्या दोन्ही हंगामांत ब्राउनलो पदक (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) पटकावलेला त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू, आपली जागा सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि तिथेच कपडे बदलू लागला. पुढे निकोल्स पाद्री झाले, 'सर' झाले, 1976 मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आपल्या माहितीपत्रकांत हे सगळं येतं. माझं लक्ष मात्र बंटनकडे जातं. त्याने भाषण केलं नाही, निकोल्सना 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हटलं नाही. उठायचं कोणी, हे त्याला कळलं होतं.

आम्हा मराठी लोकांना ही गोष्ट परकी वाटत नाही. त्याआधी तीसएक वर्षं पुण्याच्या जिमखान्यावर पळवणकर बाळूंची फिरकी हिंदू संघाला हवी होती, बळी हवे होते, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर आणि त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद तर त्यांना कधी मिळालंच नाही. 1920 मध्ये त्यांच्या भावांनी त्या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतलं तेव्हा कुठे गोष्टी हलल्या, आणि 1923 मध्ये धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. चेंडू चालतो, माणूस चालत नाही, हा प्रकार आम्ही घरी पाहिलेला आहे. म्हणून तो इथे लगेच ओळखू येतो.

आता आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे येते. 17 एप्रिल 1993, व्हिक्टोरिया पार्क. सेंट किल्डाचे आदिवासी खेळाडू निकी विनमार आणि गिल्बर्ट मॅकअ‍ॅडम यांनी दिवसभर कॉलिंगवूडच्या प्रेक्षकांच्या शिव्या झेलल्या आणि सामना जिंकून दिला. शेवटी विनमारने जर्सी वर करून आपल्या कातडीकडे बोट दाखवलं. त्या क्षणाचा पुतळा 2019 मध्ये पर्थच्या स्टेडियमबाहेर उभा राहिला, छान झालं. पण त्या सामन्यानंतर काही दिवसांनी कॉलिंगवूडचे तेव्हाचे अध्यक्ष काय म्हणाले होते? आदिवासी लोक गोऱ्यांसारखे वागले तर त्यांना सगळे मान देतील, अशा अर्थाचं. एकोप्याची अट इतक्या उघडपणे पुन्हा कोणी मांडली नाही. अट मात्र राहिली.

1995 मध्ये अँझॅक डेच्या (सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) सामन्यात एसेंडनच्या मायकल लाँग या आदिवासी खेळाडूला प्रतिस्पर्धी खेळाडूने वंशावरून शिवी दिली. लाँग गप्प बसला नाही. आपण काय केलंत? दोघांची बैठक घडवून आणलीत, पत्रकारांसमोर बसवलंत, मिटलं म्हणून जाहीर केलंत. लाँगच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्याच्या लेखी काहीही मिटलेलं नाही. त्याने रेटा लावून धरला म्हणून त्याच वर्षी वांशिक शेरेबाजीविरुद्धचा नियम आला. या नियमाचं श्रेय आपण घेता. तो एका खेळाडूने आपल्याकडून ओढून घेतलेला आहे.

तो नियम येऊन सव्वीस वर्षं झाल्यावर, 2021 मध्ये, अ‍ॅडलेडच्या टेलर वॉकरने एका स्थानिक सामन्यात रॉबी यंग या आदिवासी खेळाडूबद्दल वंशभेदी उद्गार काढले. इथे एक गोष्ट चांगली घडली, ती मुद्दाम सांगते: वॉकरच्याच क्लबच्या एका अधिकाऱ्याने ते ऐकलं आणि त्यानेच वर कळवलं. यंगला तक्रार घेऊन फिरावं लागलं नाही. सहा सामन्यांची बंदी झाली. इथवर ठीक. पण मग माफीची चित्रफीत निघाली, आणि तीत माफी मागणाऱ्या वॉकरच्या शेजारी बसवलं कोणाला? यंगला. 1995 चंच चित्र, फक्त कॅमेरा बरा.

हे चित्र खाली कुठवर झिरपतं ते मला पाहायला मिळालं. आमच्या तेरा वर्षांखालच्या संघात एक आदिवासी मुलगा होता. डावखुरा, हडकुळा, चेंडू हातात आला की दोन पोरं चकवल्याशिवाय न सोडणारा. एका सामन्यात तिसऱ्या क्वार्टरनंतर सगळी पोरं माझ्या डब्याभोवती कोंडाळं करून संत्र्याच्या फोडी ओरपत होती, हा मात्र बुटाच्या टोकाने चिखल उकरत उभा. मी फोड पुढे केली, त्याने मान हलवली. मग माझ्या मुलानेच सांगितलं, समोरचा एक पोरगा याला पहिल्या क्वार्टरपासून काय म्हणतोय ते. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. मी प्रशिक्षकांना गाठलं. ते गृहस्थ वाईट नव्हेत. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, उत्तर स्कोअरबोर्डवर दे, टीमसाठी. सामना संपल्यावर दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावले. मोठ्यांची जबाबदारी संपली. आमच्या पोराने हात पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिला. पुढे क्लबचं एक ईमेल आलं, त्यात 'दोन्ही बाजूंना यातून शिकता येईल' असं वाक्य होतं. त्या मुलाने नेमकं काय शिकायचं होतं? पुढच्या हंगामात तो नोंदणीला आलाच नाही. त्याची आई दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, आता बास्केटबॉल. आणखी काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, याहून दुसरं काय म्हणायचं? त्या क्लबचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका क्लबचा नाही. त्या प्रशिक्षकांनी तेच केलं जे आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर करून दाखवलं आहे.

अ‍ॅडम गुड्स या आदिवासी खेळाडूबद्दल आपल्याला मी काय नवीन सांगणार? दोन ब्राउनलो पदकं, दोन प्रीमिअरशिप (लीगची विजेतेपदं), सिडनी स्वान्सकडून 372 सामने. मे 2013 मध्ये एमसीजीवर, तेही आदिवासी फेरीतच, एका तेरा वर्षांच्या मुलीने त्याला माकड म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः सांगितलं की या पोरीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. 2014 मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला, वंशभेदावर बोलू लागला, आणि त्यानंतर मैदानामागून मैदानात त्याची हुर्यो उडवली जाऊ लागली. 2015 मध्ये त्याने गोल केल्यावर आदिवासी युद्धनृत्याचा एक पवित्रा घेतला तर देशाच्या छातीत धडकी भरली. सामन्यागणिक हजारो लोक एका माणसावर हुर्यो करत होते, आणि आपण हे वंशभेदी आहे की नाही यावर शब्द चाचपत बसला होतात. तो खेळ सोडून गेला. आपली आणि अठरा क्लबांची संयुक्त माफी आली 2019 मध्ये, त्याच्यावर माहितीपट निघायच्या सुमारास. 2021 मध्ये त्याने हॉल ऑफ फेमचा मान नाकारला. मी असते तर मीही नाकारला असता.

त्या काळ्या हंगामातही एकोपा दिसला, पण तो आपल्या कार्यालयातून आला नव्हता. जुलैमध्ये पर्थच्या सुबियाको मैदानावर गुड्सची हुर्यो चालू असताना त्याचा सहकारी लुईस जेटाने गोल केला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून तेच युद्धनृत्य केलं: एकाला लक्ष्य करताय, तर मलाही करा. पुढच्या आठवड्यात गुड्स खेळायला उतरू शकला नाही, तेव्हा सिडनीच्या मैदानावर तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. त्याच्या जर्सीचा नंबर 37, म्हणून तिसरा क्वार्टर आणि सातवं मिनिट. हे कोणी वरून आदेश देऊन घडवलं नव्हतं. लोकांना कळतं हो. वरचे लोक वेळ लावतात.

आणि आता ते शिबिर. 2017 ची ग्रँड फायनल रिचमंडकडून हरल्यावर अ‍ॅडलेड क्रोज 2018 च्या सुरुवातीला गोल्ड कोस्टला गेले. उद्देश काय, तर संघ आतून घट्ट करायचा. एडी बेट्ससारखा आदिवासी खेळाडू, ज्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर इथल्या पोरांची एक पिढी फुटीच्या प्रेमात पडली, त्याने 2022 मध्ये आत्मचरित्रात लिहिलं की समुपदेशकाला विश्वासाने सांगितलेल्या त्याच्या बालपणाच्या गोष्टी तिथे त्याच्याच अंगावर ओरडून फेकल्या गेल्या, आणि आदिवासींच्या पवित्र विधींचा खेळखंडोबा झाला. परत आल्यावर त्याने स्पष्ट सांगितलं की यापुढे आदिवासी खेळाडूंना या प्रकारातून वगळा. त्यानंतर तो नेतृत्वगटात राहिला नाही. चौकश्या झाल्या, नियमभंग आढळला नाही असं ठरलं. क्लबची माफी आली ती पुस्तक आल्यावर. घट्टपणासाठी माणसाच्या जखमेत बोट घालायचं आणि तो ओरडला की त्यालाच संघ मोडणारा ठरवायचं, याला मी एकोपा म्हणणार नाही.

कॉलिंगवूडचा एरितिए लुमुंबा आदिवासी नाही, ब्राझीलमध्ये जन्मलेला आफ्रिकन वंशाचा. पण त्याची कथा याच माळेतली. ड्रेसिंग रूममध्ये त्याला प्राण्याच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. सगळे हसत, म्हणजे मैत्रीच. तो बोलला तेव्हा अवघड माणूस ठरला. 2021 मध्ये बाहेर आलेल्या अहवालाने त्या क्लबात वंशभेद मुरलेला आहे असं म्हटलं, आणि जे बोलले त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली हेही म्हटलं. हॉथॉर्न क्लबच्या आदिवासी खेळाडूंनी आणि त्यांच्या कुटुंबांनी 2022 मध्ये केलेले वंशभेदाचे आरोप संबंधितांनी नाकारले, आपली चौकशी 2023 मध्ये कोणावरही ठपका न ठेवता आटोपली, आणि पुढे क्लबने त्या कुटुंबांशी समझोता करून झालेल्या दुःखाबद्दल माफी मागितली. कोण खरं, कोण खोटं हे मी ठरवणार नाही. पण जी चौकशी दोन्ही बाजूंना न्याय मिळाल्याचं समाधान देत नाही ती कशासाठी होती? 2023 मध्येच फिल क्राकोअर आणि इतर माजी खेळाडूंनी आपल्याविरुद्ध व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात वंशभेदाबद्दल सामूहिक दावा दाखल केला. माणसं कोर्टाची पायरी हौसेने चढत नाहीत.

मार्च 2023 चा तो गुरुवार. आदल्या शनिवारी सेंट किल्डाविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून आमच्या बुलडॉग्जच्या जमारा उगल-हेगन या आदिवासी खेळाडूला वंशावरून शिवीगाळ झाली होती. ब्रिस्बेनविरुद्ध त्याने पहिला गोल केला, जर्सी वर केली आणि कातडीकडे बोट दाखवलं. विनमारच्या तीस वर्षांनंतर. आमचं सगळं स्टँड उभं राहिलं. त्या दिवशी त्याने पाच गोल केले आणि आम्ही जिंकलो. शेजारचे एक आजोबा, जन्मापासून फूट्सक्रेचे (बुलडॉग्जचं जुनं नाव), मला म्हणाले की विसाव्या वर्षी मला फक्त सराव आणि पोरींची चिंता होती. त्यांचं म्हणणं मला नीट समजलं. विशीतल्या पोराने खेळावं की समाज सुधारावा?

आता थोडं आपल्याच लोकांशी, आयोगाने क्षणभर कान बंद केले तरी चालतील. मंडळींनो, जानेवारी 2021 मध्ये सिडनीत सिराज आणि बुमराला प्रेक्षकांनी शिव्या दिल्या तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत आग लागली होती. रास्तच होतं. सिराज सरळ कर्णधाराकडे गेला, आणि आपला अजिंक्य रहाणे त्याला 'सोड रे' म्हणाला नाही. पंचांकडे गेला, खेळ थांबला, माणसं बाहेर काढली गेली. मैदान सोडायचा पर्याय त्याने घेतला नाही, पण सिराजला एकटंही पाडलं नाही. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच रहाणेला मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत पहिलंवहिलं जॉनी मुल्लाग पदक मिळालं होतं. मुल्लाग म्हणजे 1868 मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी क्रिकेट संघाचा सर्वोत्तम खेळाडू. किती जणांना हे माहीत आहे? आणि 2007 मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडासारखे हावभाव करणारे कोण होते? तिथे 'मजा चालली होती', इथे मात्र वंशभेद. आपला तो बाब्या. गुड्सची हुर्यो उडवण्यात 2015 मध्ये आपल्यातलेही काही होते, 'सगळे करतात म्हणून'. स्टँडमध्ये बसलेल्यांत आपणही आहोत, म्हणून ही वर्गणी आपल्यालाही लागू आहे.

आयोगाने पुन्हा लक्ष द्यावं. माझ्या मागण्या साध्या आहेत.

वंशावरून शिवीगाळ झाल्यावर पीडित खेळाडूला आरोपीशेजारी उभं करणं, हस्तांदोलनाचे फोटो, एकत्र चित्रफिती हे सगळं बंद करा. त्याने स्वतःहून मागितलं तरच. हा नियम एएफएलपासून तेरा वर्षांखालच्या पोरांपर्यंत लेखी लागू करा, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ज्युनिअर प्रशिक्षकाकडून वाचून घ्या. शक्य झालं तर या एकाच मागणीपासून सुरुवात करा. हिला पैसा लागत नाही.

तक्रार करण्याचं ओझं ऐकणाऱ्यावर टाका. मैदानावर, डगआउटमध्ये, स्टँडमध्ये ज्याने ऐकलं त्या पंचाने, सहकाऱ्याने, अधिकाऱ्याने कळवणं बंधनकारक असावं. ऐकूनही गप्प बसला तर त्यालाही जाब विचारा. 2021 च्या त्या अधिकाऱ्याने केलं ते अपवाद वाटू नये, नेहमीचं वाटावं.

हुर्योसाठी ठरलेली पद्धत हवी. जागतिक फुटबॉलमध्ये तीन पायऱ्या आहेत: खेळ थांबवा, संघ आत न्या, तरीही थांबलं नाही तर सामना सोडून द्या. आपल्याकडे पंचांनी आणि कर्णधारांनी नेमकं काय करायचं, हे 2015 नंतर तरी प्रत्येक प्रेक्षकाला तोंडपाठ असायला हवं होतं.

चौकशी आपल्या आणि क्लबांच्या हाताबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडे द्या, ज्यात आदिवासी कायदेतज्ज्ञ आणि माजी खेळाडू निर्णय घेणारे असतील, सल्ला देऊन घरी जाणारे नव्हे. दर वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, काय शिक्षा झाल्या, किती प्रेक्षकांवर बंदी आली, हे नावं न सांगता छापा. ड्रीमटाइमची तिकिटं किती खपली हे जितक्या तत्परतेने सांगता तितक्याच तत्परतेने.

संघ 'घडवण्याच्या' शिबिरांत कोणत्याही संस्कृतीचे विधी वापरायचे नाहीत. समुपदेशकाला सांगितलेलं प्रशिक्षकाच्या कानावर गेलं तर क्लबला दंड.

ग्रॅहम 'पॉली' फार्मर हे आदिवासी खेळाडू 1973 मध्ये जिलाँगचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याला अर्धशतक उलटलं, आणि मैदानावर इतकी आदिवासी बुद्धी खेळताना दिसत असूनही मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर ती दिसणं हा अजूनही दुर्मीळ योग आहे. प्रत्येक क्लबने संचालक मंडळात आणि प्रशिक्षकवर्गात किती जागा, कोणत्या वर्षापर्यंत भरणार हे जाहीर करावं. पोरं आणण्याच्या बाबतीतही धरसोड पुरे: आदिवासी आणि स्थलांतरितांच्या मुलांना घडवणाऱ्या नेक्स्ट जनरेशन अकादम्या काढल्यात, 2020 मध्ये खेळाडूंच्या वार्षिक निवडीत उगल-हेगन पहिल्या क्रमांकाने बुलडॉग्जकडे आला म्हणून बाकीचे कुरकुरले तर नियम आवळलेत, मग पुन्हा सैल केलेत. (मी बुलडॉग्जची आहे, पक्षपाती म्हणा हवं तर.) कॅल्गुर्लीच्या किंवा तिवी बेटांवरच्या चौदा वर्षांच्या पोराने आणि त्याच्या आईने दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या नियमावर घर सोडायचा निर्णय कसा घ्यायचा?

आणि जर्सी. आदिवासी फेरीच्या जर्सीच्या विक्रीतून किती पैसे चित्रकाराला गेले, किती त्यांच्या समाजाकडे गेले, हे जर्सीच्या लेबलाइतकंच ठळक छापा. मी दोन विकत घेतल्या आहेत, मला हिशेब हवा आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये पर्थला दहा वर्षांनी आदिवासी ऑल स्टार्सचा संघ फ्रीमँटलविरुद्ध उतरला आणि जिंकला. वेगवेगळ्या क्लबांतली पोरं, मोजके दिवस एकत्र सराव, आणि जणू जन्मभर एकत्र खेळल्यासारखी एकमेकांना शोधत होती. एकोपा कसा दिसतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी तो सामना बघावा. त्यांच्यात तो आहे. प्रश्न आपल्यात आहे का, हा आहे.

या पत्राला पत्रकाने उत्तर नको. पुढच्या सर डग निकोल्स फेरीच्या आधी, वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढं लेखी कळवावं. अमान्य असेल तर तसंही चालेल; निदान कुठे उभं राहायचं ते आम्हाला ठरवता येईल. सभासदत्वाचं नूतनीकरण मी तोवर थांबवलं आहे. पाण्याच्या बाटल्या मात्र शनिवारी नेणार आहे, पोरांना तहान लागतेच.

कळावे,

आपली,
एक सभासद आणि एका ज्युनिअर खेळाडूची आई
पश्चिम मेलबर्न